कडुनिंबाखाली बारमाही हिरवं, फुलणारं, बुटकं काय लावू? (सोलापूर)

अंगण_विजापूररोड

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय. आमचं बैठं घर आहे सोलापूरला विजापूर रोडच्या आतल्या बाजूला, आणि दारात मोठा कडुनिंब, सासऱ्यांनी घर बांधलं त्याच वर्षी लावलेला. त्याच्या खाली साधारण १२ बाय १८ फूट जागा आहे. उन्हाळ्यात आमचं सगळं तिथंच चालतं, चारनंतर सासूबाईंची खुर्ची, शेंगा फोडायच्या, ज्वारी निवडायची, पोरांचा अभ्यास, सगळं. पण जमीन उघडी आहे, झाडायला घेतलं की धूळ, पाऊस पडला की चिखल घरात, आणि मला ती जागा हिरवी बघायचीय.

लॉन दोनदा लावून झालं. पहिल्यांदा चार महिने टिकलं, दुसऱ्यांदा तेवढंही नाही, पिवळं पडत पडत शेवटी नुसते ठिपके राहिले. मग परदेशातल्या बागांचे व्हिडिओ बघताना झाडाखाली निळ्या फुलांचा गालिचा दिसला, नाव व्हिन्का, वर्षभर हिरवं राहतं आणि सावलीत फुलतं म्हणत होते. ऑनलाइन व्हिन्काचं बी मागवलं, ट्रेमध्ये रुजवलं, जीव लावून वाढवलं आणि जरा पानं मोठी झाल्यावर सासूबाई म्हणाल्या अगं ही तर आपली सदाफुली. खरंच सदाफुलीच होती. तरी लावली कडुनिंबाखाली, तर काड्यांसारखी दीड फूट वाढली, सगळी गेटकडं उजेडाच्या दिशेला वाकलीत, आणि फुलं म्हणाल तर अख्ख्या वाफ्यात सात-आठ. विकणाऱ्यानं फसवलं का माझंच काही चुकलं एवढं तरी सांगा.

आता पाहिजे ते असं, गुडघ्याच्या वर जाऊ नये, बारा महिने पानं टिकावीत, थोडी तरी फुलं यावीत. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, बोअर आहे पण पाणी इतकं खारं की बादलीला पांढरा थर बसतो. सकाळी साडेनऊपर्यंत पूर्वेकडून ऊन येतं, मग दिवसभर सावली, पण अगदी अंधारी नाही, कवडसे हलत असतात. आणि सासूबाईंना सापाची भीती वाटते, दाराशी दाट झाडी नको म्हणतात. त्यांचं पण ऐकायला पाहिजे.

पानफूल

ताई, फसवलं असं म्हणता येणार नाही, नावाचाच घोळ आहे आणि तो अडीचशे वर्षांहून जुना आहे. तुम्ही व्हिडिओत बघितलं ते व्हिन्का मायनर, युरोपातलं झाड, तिकडच्या जंगलात मोठ्या झाडांखाली जमिनीलगत पसरतं. वीतभर उंची, दोऱ्यासारख्या फांद्या जमिनीवर लोळतात आणि पेराला माती लागली की तिथं मूळ धरतात, वसंतात निळी-जांभळी फुलं येतात. आपली सदाफुली मूळची मादागास्करची. लिनियसनं १७५९ मध्ये तिचं नाव व्हिन्का रोझिया ठेवलं होतं, नंतर वनस्पतीशास्त्रज्ञांनी तिला वेगळ्या वंशात (जीनसमध्ये) टाकून कॅथरँथस रोझियस केलं, पण बियांचा धंदा करणारे लोक आजही पाकिटावर व्हिन्काच लिहितात. कॅन्सरवर जी व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन औषधं वापरतात ती सदाफुलीतूनच मिळाली, त्यांच्या नावातलं व्हिन हे त्याच जुन्या नावाचं उरलेलं आहे. दोघींची फुलं लांबून सारखी दिसतात, पाच पाकळ्यांची चक्रासारखी, म्हणून हा गोंधळ मिटतच नाही.

सदाफुलीला ऊन पाहिजे, भरपूर पाहिजे. तुमच्या सगळ्या रोपांनी गेटकडं मान काढली ती त्यासाठीच. काढा आणि गेटबाहेर किंवा गच्चीत लावा, शेंडे खुडा, महिन्याभरात भरून येतील. शेळ्या-गायी तिला तोंड लावत नाहीत कारण ती विषारी आहे, लहान मुलं असतील तर तेवढं सांगून ठेवा.

आणि खरं व्हिन्का मायनर मिळालं तरी आणू नका. त्याला थंड हवा आणि ओलसर, पालापाचोळ्याची जमीन लागते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, रात्रीसुद्धा भिंती गरम असतात, तिथं त्या झाडाचे हाल होतील.

बागवाला_होटगीरोड

वेडेलिया लावा की. पिवळी फुलं, कटिंग टोचलं की लागतं, सहा महिन्यांत जमीन दिसणार नाही. स्वस्तात काम होतंय.

पानफूल

वेडेलियाबद्दल मला कळकळीनं सांगायचंय, नका लावू. जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या प्रजातींची जी यादी आहे त्यात हे झाड आहे. कटिंग टोचलं की लागतं हीच त्याची अडचण, तुम्ही छाटून फेकलेली फांदी नाल्याकाठी पडली तरी तिथं मूळ धरते आणि मग बाकीचं काही उगवू देत नाही. शिवाय त्यालाही फुलायला ऊन लागतं, सावलीत नुसती पानंच वाढतात. बाहेर रस्त्याच्या दुभाजकात लावतात ते बघून आपण घरी आणतो, पण दारात नको.

बागवाला_होटगीरोड

हे माहीत नव्हतं. आमच्या कंपाउंडच्या बाहेर खरंच ओढ्यापर्यंत गेलंय ते. या रविवारी काढायला घेतो.

मोगरा_मंगळवेढा

भुईचाफा बघा ना ताई, सावलीत येतो, जमिनीतून थेट फूल, वास तर असा की बस. माझ्या आईकडं आंब्याखाली आहे.

पानफूल

भुईचाफा सुंदरच, पण तो थंडीत पानं टाकून जमिनीखाली झोपतो. ताईंना बारा महिने पानं पाहिजेत. कडेला दोन-चार कंद लावा हौसेनं, पण अख्खी जागा त्याच्यावर सोडू नका.

कनकांबरम_पूर्वभाग

मी शिकवणारी वगैरे नाही, पण माझ्याकडं हीच जागा हाय, कडुनिंब, खारं पाणी, सगळं तेच, म्हणून लिहायलेय. माझ्या कडुनिंबाखाली अबोली हाय, १४ वर्षं झाली.

आमच्या घरात तिला कनकांबरम म्हणतात. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरांत ज्याच्या दारात दोन हात जागा त्याच्याकडं कनकांबरम असतंयच, माझ्या आईनं तिच्या आईकडून काड्या आणलेल्या आणि मी आईकडून. ती मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडचीच, म्हणजे उकाड्यातलं झाड हाय, उन्हाळा तिला नवा नाही. तिला सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली पाहिजे, तुमच्याकडं अगदी तसंच हाय. दुपारचं ऊन लागलं की पानं कडेनं करपतात, अगदी गडद सावलीत फुलं कमी येतात, कडुनिंबाची सावली मधली हाय, चाळणीतून उजेड यावा तशी.

पानं बारा महिने राहतात, गडद हिरवी, चकचकीत. फुलं जवळजवळ वर्षभर, कडक थंडीत थोडी कमी. तुरा खालून वर उमलत जातो, आज दोन, परवा दोन, म्हणून एकेक तुरा बरेच दिवस चालतो आणि आम्ही एक दिवसाआड तोडतो. वास नाही पण तोडलेलं फूल दोन दिवस सुकत नाही म्हणून तर गजऱ्याला. पाण्यात भिजवलेल्या केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं ओवायची, साध्या दोऱ्यानं देठ तुटतात.

आता ताई तुम्हाला पसरणारं पाहिजे, अबोली पसरत नाही, ती झुडूप हाय, सोडली तर कमरेपर्यंत जाते. पण एक-एक फुटावर लावायची आणि शेंडे खुडत राहायचं, म्हणजे फुटवे फुटून एकात एक मिसळतात आणि वरून बघितलं की जमीन दिसत नाही. माझी गुडघ्याच्या खालीच हाय. वर्षातून एकदा, दिवाळी झाली की, वीतभर ठेवून छाटते.

लावायची कशी ते सांगते कारण इथंच सगळे चुकतात. कडुनिंबाखाली कुदळ चालवायची नाही. मुळ्या वरच असतात, त्या तोडल्या तर झाडालाबी त्रास आणि महिन्याभरात दुप्पट मुळ्या तुमच्या नव्या मातीत शिरतात. खुरप्यानं चाचपत जायचं, दोन मुळ्यांच्या मधी जागा सापडली की तेवढाच ओंजळभर खड्डा, त्यात शेणखत, थोडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड. पेंड विसरू नका, अबोलीच्या मुळांना सूत्रकृमीच्या (मातीतल्या बारीक जंतांच्या) गाठी येतात आणि झाड दिवसेंदिवस बसत जातं, वरून कळत नाही काय झालं. माझी पहिल्या वर्षीची नऊ झाडं अशीच गेली, उपटून बघितलं तर मुळांवर मोहरीएवढ्या गाठीच गाठी. तेव्हा खूप वाईट वाटलं, आईच्या काड्या होत्या त्या. आणि खोडाला लागून माती चढवायची नाही, दोन हात जागा सोडा.

लावायचं मृगाचा पाऊस पडल्यावर. त्याच्या आधी लावून रोज पाणी घालत बसण्यात अर्थ नाही.

डाळिंब_सांगोला

काकूंनी मुळ्यांचं सांगितलं ते शंभर टक्के. सगळे म्हणतात कडुनिंबाच्या सावलीत काही येत नाही, पण सावली अर्धंच कारण, खाली जमीन कोरडी असते हे खरं कारण. आपल्याकडं पाऊसच कमी, त्यातला हलका पाऊस तर पानांतच अडकतो, आणि जे पाणी तुम्ही घालता ते सगळ्यात आधी कडुनिंब पितो कारण त्याच्या मुळ्या तिथं आधीपासून बसल्यात. लॉनची मुळं दोन बोटं खोल, ते काय टिकणार त्याच्यापुढं.

म्हणून पाइपानं भरभरून पाणी आठवड्यातून एकदा घालण्यापेक्षा थोडं थोडं, थेट रोपाच्या बुडाशी. आमच्या डाळिंबाच्या जुन्या लॅटरल पडून असतात, इनलाइन ड्रिपची नळी, कुठल्याही शेतकऱ्याकडं मागा, तुकडा देतील. गच्चीवर ५०० लिटरची टाकी असेल तर नुसत्या उताराच्या दाबावर चालतं एवढ्या जागेला. खाऱ्या पाण्यानं ड्रिपरच्या तोंडाशी क्षार धरतात, अधूनमधून शेवटची टोपी काढून नळी धुऊन घ्या.

पाण्याचं अजून एक. एसीचं पाणी वाया घालवू नका, बाटलीभर नाही बादलीभर निघतं मार्च ते जून, आणि त्यात क्षार नसतात, अबोलीला ते सोनं आहे. पण आरओ मशीनचं बाहेर पडणारं पाणी घालू नका, लोक तेच घालतात पाणी वाचवायचं म्हणून, पण त्यात आधीच्या पाण्याचेच क्षार अजून घट्ट होऊन आलेले असतात. त्यानं फरशी पुसा.

अंगण_विजापूररोड

एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, अबोली म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला, म्हणाल्या अक्कलकोटला माहेरी विहिरीपाशी होती. पण तीन शंका आहेत. एक, सापाचं काय. दोन, फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब सगळी पानं टाकतो, तेव्हा दोन-तीन आठवडे खाली थेट ऊन येतं, तेव्हा अबोली करपेल का. तीन, नर्सरीत चौकशी केली तर दिल्ली अबोली आहे म्हणाले, ती घेऊ का बी आणून पेरू.

कनकांबरम_पूर्वभाग

दिल्ली अबोली घ्या, तिचा रंग गडद, तुरा मोठा. पण तिला बी धरत नाही, काडीवरूनच करायची. गावठीला बी धरतं पण उगवायला फार वेळ लावते, कधी कधी महिना-दीड महिना, आणि धीर सुटतो. मी तुम्हाला काड्या देते की. बोटभर जाडीची नको, पेन्सिलपेक्षा बारीक, अर्धी कोवळी अर्धी पिकलेली, चार पेरांची, खालची पानं काढायची, तिरपी कापायची, वाळू आणि कोकोपीटमध्ये सावलीत ठेवायची.

मार्चचं तुम्ही बरोबर ओळखलंत. माझीबी पहिल्या वर्षी करपली. आता कडुनिंब पिवळा पडायला लागला की जुनी सुती साडी दोन काठ्यांना बांधते पश्चिमेकडून, पाडव्याला नवी पालवी आली की काढते. आणि तो पाला झाडून जाळू नका, तसाच रोपांच्या मधी पसरा, दोन बोटं थर. जमीन गार राहते, पाणी निम्मं लागतं. आमच्या शेजारच्या बाईंना ते कचरा वाटतं, रोज झाडतात, आणि मग मला विचारतात तुमची माती ओली कशी.

पानफूल

सापाबद्दल. साप येतो तो उंदीर-बेडकांच्या मागं आणि विटा-फरश्यांच्या ढिगात लपायला. कंपाउंडला टेकून जुन्या विटा, लाकडं ठेवली असतील तर ती आधी हलवा. मग दारापासून आणि चालण्याच्या वाटेपासून दोन फूट पट्टा मोकळा ठेवा, शहाबादी फरशीचे तुकडे टाका, म्हणजे काही आलं तरी दिसेल. अबोलीची एक गोष्ट चांगली, ती बुडाशी खोडावर उभी असते, वेलीसारखी जमिनीवर गुंता करत नाही, खाली वाकून बघितलं तर आरपार दिसतं. सासूबाईंना हे नक्की दाखवा.

आणि काठाला, जिथं ऊन जरा जास्त लागतं तिथं, कोरांटी. पिवळीला काटे असतात म्हणून ती कंपाउंडच्या बाजूला, निळी घराच्या बाजूला. पाण्याचं तिचं काही म्हणणं नसतं आणि दिवाळीच्या आसपास फुलते. अगदी बुंध्याजवळ जिथं काहीच येत नाही तिथं स्पायडर प्लांट टोचा, फुलं बारीक पांढरी, पण पानांनी जागा भरते. पीस लिली मात्र कुणी सुचवली तरी बाहेर लावू नका, आपल्या कोरड्या हवेत मेमध्ये कागदासारखी होते.

अंगण_विजापूररोड

सात महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. जूनच्या शेवटी पाऊस झाल्यावर काकूंकडून ६० काड्या आणल्या होत्या, त्यातल्या ४३ लागल्या. खुरप्यानं जागा शोधत शोधत लावायला मला आणि सासूबाईंना चार दिवस लागले, त्या खुर्चीत बसून सांगत होत्या इथं नको, मूळ आहे, तिकडं सरक. बुंध्याजवळ स्पायडर प्लांट, गेटच्या बाजूला निळी कोरांटी. सदाफुली गच्चीत नेली, ती तर ओळखू येईना इतकी फुललीय.

ऑगस्टमध्ये संततधार लागली तेव्हा खालच्या कोपऱ्यातली पाच रोपं माना टाकून गेली, तिथं काळी माती आहे आणि पाणी साठत होतं हे मला आधी कळायला हवं होतं. तिथं आता बोटभर खोल चर काढून पाणी बाहेर काढलंय आणि मुरूम मिसळलाय. नोव्हेंबरपासून तुरे धरायला लागले. संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेला जाताना, सासूबाईंनी आपल्या हातानं तोडून गजरा केला, छोटाच झाला, पण घरचा.

एकच अडचण उरलीय. नवी पानं पिवळी निघतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. जुनी पानं चांगली आहेत. हे पाण्यामुळं का?

डाळिंब_सांगोला

कोवळ्या पानावर पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी पडतंय. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीची माती आणि खारं पाणी यामुळं मुळांना ते घेता येत नाही. डाळिंबात आम्हाला हे नेहमीचं. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं, मिळतं कृषी सेवा केंद्रात, पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी परत. पण ते तात्पुरतं. कायमचं म्हणजे शेणखत, गांडूळखत वाढवा, आणि निदान आठवड्यातून एकदा बोअरऐवजी नळाचं किंवा एसीचं पाणी. पुढच्या पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी एका ड्रममध्ये धरा.

कनकांबरम_पूर्वभाग

४३ लागल्या म्हणजे छानच. माझ्या पहिल्या वेळी अर्ध्याबी लागल्या नव्हत्या.

मी दिलेल्या काड्यांत थोड्या गावठीच्या होत्या, त्यांना आता शेंगा धरतील, बारीक, पिकल्यावर तपकिरी होतात. त्या सुक्या असतानाच तोडून कागदाच्या पुडीत ठेवा, पाण्याचा थेंब लागला की फुटून बी लांब उडतं. पोरांना दोन-चार शेंगा पाण्याच्या वाटीत टाकून दाखवा, आमच्या घरातली पोरं त्यासाठी भांडतात. आणि साडी बांधायची वेळ आलीच की आता, कडुनिंब पिवळा व्हायला लागला असेल. मोकळ्या झालेल्या त्या पाच जागांसाठी काड्या काढून ठेवते, पण त्या पावसाळ्यातच न्या.